क्वार्टरमागचा झरा

मागच्या महिन्यात आमच्या संडासातली फ्लशची टाकी भरायची थांबेना. मुलाने झाकण उघडून मोबाइलच्या उजेडात आत पाहिलं, सुनेने कसलासा व्हिडिओ लावला, शेवटी प्लंबर आला. त्याने आतलं प्लास्टिकचं सगळं बिऱ्हाड उपसून नवं बसवलं आणि चहासुद्धा न घेता पुढच्या कामाला निघून गेला. सगळं मिळून अर्धा तास. पण त्याआधीचे दोन दिवस भिंतीआडून तो पाण्याचा आवाज घरभर चालू होता आणि त्या दोन दिवसांत माझ्या घशाखाली घास नीट उतरला नाही. सून म्हणाली, "आई, टाकीच तर आहे, एवढं काय मनाला लावून घेता?" पोर गुणाची आहे, पण तिला माझी आत्या माहीत नाही. आत्याचं आणि टाकीचं जे झालं, ते मी माझ्या नवऱ्यालासुद्धा अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं अर्धं इथे लिहून टाकते.

आम्ही मूळचे वेवजीकडचे, तलासरी तालुक्यातले. बाबा आरोग्य खात्यात शिपाई म्हणून लागले आणि काही वर्षांनी त्यांना डहाणू रोडला सरकारी क्वार्टर मिळालं. खाली दोन बिऱ्हाडं, वर दोन. आमच्या वाट्याला दोन खोल्या, मागे चिमूटभर अंगण, अंगणापलीकडे चिकूच्या वाडीचं कुंपण. आणि घरात संडास. ही शेवटची गोष्ट फार दिवस कुणाच्याच पचनी पडली नाही. चुलीपासून सात पावलांवर संडास म्हणजे आईला ते घर बाटल्यासारखंच वाटायचं. तिने मधल्या दाराला जाड गोणपाट टांगलं होतं. आत वर भिंतीला लोखंडी टाकी, तिला लोंबणारी साखळी. साखळी ओढली की असा गडगडाट व्हायचा की वेवजीहून आलेला एक पाहुणा लेंगा धरून बाहेर पळाला होता. मला मात्र त्या टाकीचा भारी अभिमान. शाळेत कुणी विचारो न विचारो, आमच्याकडे साखळीचा आहे हे मी सांगून मोकळी व्हायचे.

सकाळी अंधुक असतानाच आई नागलीच्या भाकऱ्या थापायला बसायची, त्या आवाजाने मला जाग यायची. तव्यावर सुकट पडली की वरच्या मजल्यावर शांताबेनच्या खिडक्या धाडधाड बंद व्हायच्या. त्या गुजराती, कडक शाकाहारी. त्यांच्या चहाचा आल्याचा वास मात्र आम्ही फुकट घ्यायचो. भाकऱ्या झाल्या की आई चिकूच्या वखारीत फळं निवडायला जायची. संध्याकाळी तिच्या हाताला, पदराला, केसांनाही चिकूचा वास असायचा, आणि आम्हाला त्या फळाचा असा कंटाळा आलेला की आजही मी चिकू खात नाही. पाण्याचं म्हणाल तर सकाळी तासभर पंप लागायचा, गच्चीवरची एक टाकी भरायची आणि तेवढ्यात चारही बिऱ्हाडांनी दिवस काढायचा. उन्हाळ्यात दुपारपर्यंत ती टाकी तळाला जायची. पाण्यावरून भांडण झालं नाही असा दिवस त्या जिन्याने पाहिला नसेल.

बाबांची नोकरी म्हणजे पाड्यापाड्यावर जाऊन विहिरींत टीसीएल टाकणे. टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची पांढरी पावडर. सायकलच्या कॅरियरला पिशवी बांधून ते आरोग्य सेवकाबरोबर फिरायचे. सुरुवातीला बायका ते पाणी तोंडाला लावत नसत. सरकार विहिरीत विष टाकतंय, पोरं होणं बंद करतंय, काय काय बोलायच्या. मग बाबांनी एक युक्ती काढली. पावडर टाकायची, थोडा वेळ थांबायचं आणि सगळ्यांदेखत स्वतः तांब्याभर पाणी प्यायचं. "वास आला म्हणजे पाणी चांगलं," एवढं एकच वाक्य ते म्हणायचे. लांबलचक भाषण त्यांना जमायचं नाही, पण हे वाक्य त्यांनी इतक्या विहिरींवर म्हटलं असेल की त्याची गणतीच नाही. गंजाडच्या पाड्यावर, आत्याच्या सासरी, त्यांच्यानंतर पहिला घोट घेतला तो तिने. भावाने टाकलं म्हणजे त्यात वाईट काय असणार? तिने घेतला म्हणून बाकीच्यांनी घेतला. पुढे तिकडे त्या पाण्याला नावच पडलं, दवाचं पाणी, म्हणजे औषधाचं. पोराला जुलाब झाले, गाईला खुराची जखम झाली, की बायका वास येणाऱ्या विहिरीवरून मुद्दाम पाणी आणायच्या.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, जानकी. आईबाप लवकर गेले तेव्हा बाबा रांगत होते आणि ती आठ-नऊ वर्षांची. तिने त्यांना कडेवर वाढवलं, गवताचे भारे विकून आश्रमशाळेत घातलं, तिथून पळून आले की कान धरून पुन्हा नेऊन सोडलं. लग्न होऊन ती गंजाडला गेली. मूल झालं नाही, नवरा गेला, दिराच्या घराशेजारी आपल्या वेगळ्या झोपडीत एकटी राहायची. डावा डोळा तिचा लहानपणीच भाताचं कुसळ जाऊन गेलेला. उजव्यात मोतीबिंदू पिकला आणि ती भिंतीला धरून चालायला लागली, तेव्हा बाबा स्वतः जाऊन तिला घेऊन आले. डहाणूला शिबिरात तिचं ऑपरेशन झालं. एकच डोळा, आणि तोही आत्ताच कापून शिवलेला. हा गेला तर आत्या पुरती आंधळी, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून कुणी तसं तोंडाने बोलत नसे.

पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी डोळ्यावर लावायला हिरव्या कापडाची झडप दिली आणि तीनतीनदा बजावलं. वाकायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही, डोळ्याला साधं पाणी लावायचं नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून कडा पुसायच्या, बस. माझी दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती, त्यामुळे आत्याला सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. सांभाळायचं म्हणजे काय, ती ओसरीवर बसून राहायची आणि मी आत लोळून गोष्टींची पुस्तकं वाचायचे. ती एकदाही कुरकुरली नाही. फक्त घरातल्या संडासाला तिने पाऊल लावलं नाही. पहाटे आईचा हात धरून वाडीच्या कुंपणापलीकडे जायची. देवाची फळी असलेल्या घरात असलं काही असतं यावर तिचा विश्वासच बसत नव्हता, आणि बसला असता तर ती त्याच दिवशी गंजाडला चालत गेली असती. म्हणून आम्ही ते गोणपाट नीट ओढून घ्यायचो आणि साखळी जपून ओढायचो.

टाकी बिघडली ती तेव्हाच. भरून झाली तरी पाणी यायचं थांबेना. बाबांनी एका रविवारी सुतळीने काहीतरी बांधलं, ती सुतळी दोन दिवसांत सैल झाली आणि मग आम्हाला त्या आवाजाची सवय होऊन गेली. जास्तीचं पाणी जायला टाकीच्या वरच्या अंगाला एक नळी होती. ती भिंतीतून आरपार मागच्या अंगणात निघाली होती, माणसाच्या डोक्याहून हातभर उंच. गच्चीवर पाणी असेपर्यंत तिच्यातून करंगळीएवढी धार खाली पडायची. अंगणात आमच्यापैकी कुणी फिरकायचं नाही, म्हणून कुणाला त्याचं काही नव्हतं. एकदा जेवताना आत्या म्हणाली होती की तुमच्या घरामागं झरा हाय, बरा हाय. आम्ही हसलो. गटाराला झरा म्हणते बिचारी, असं मला वाटलं. पुन्हा कुणी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

झाल्या गोष्टीची सुरुवात शांताबेनने केली असं मी फार वर्षं मनाशी म्हणत आले. ते खोटं आहे, पण त्या दिवशी सकाळी त्या जिन्यात आल्या होत्या हे खरं. गच्चीवरची टाकी दहा वाजताच तळाला गेली होती, वरच्या मजल्याचे नळ कोरडे पडले होते आणि त्यांचा नातू न्हाणीघरात साबण लावून उभा होता. त्यांनी मला दारात बोलावून, आजूबाजूला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की तुमच्या घरातला नळ दिवसरात्र चालू असतो; आणि पुढे म्हणाल्या, "जंगलमधून आलेले लोक, तुम्हाला कोण शिकवणार नळ बंद करायला?" माझे कान तापले. परीक्षेत पेपर चांगले गेलेल्या पोरीला असं कुणी म्हणावं? बाबा पाड्यांवर गेले होते, आई वखारीत. मी ठरवलं, संध्याकाळपर्यंत वाट बघायची नाही. टाकी मीच नीट करीन आणि मग वर जाऊन सांगीन.

स्टुलावर चढून मी झाकण बाजूला केलं. आत पाहून मला किळस आली आणि आनंदही झाला. किळस शेवाळाची; सगळी टाकी हिरव्या बुळबुळीत थराने माखली होती. आनंद यासाठी, की यंत्र मला बघता बघता समजलं. एक पितळी दांडी, दांडीच्या टोकाला तांब्याचा पोकळ गोळा, पाण्यावर तरंगणारा. पाणी चढलं की गोळा वर जातो, दांडी नळाचं तोंड दाबते, पाणी बंद. तरफेचा धडा तर मला तोंडपाठ होता. मी गोळा हाताने वर उचलून धरला आणि आवाज थांबला. सोडला, पुन्हा सुरू. दहा-बारा वेळा तेच केलं, आपल्या हाताने घर गप्प होतं आणि बोलायला लागतं याची मला मजा वाटत होती. मग विचार केला, गोळा पुरता वर का येत नाही? अर्धा बुडालेला का? उत्तर समोरच दिसत होतं. शेवाळाने जड झालाय. शेवाळ मारलं की गोळा हलका, गोळा हलका की पाणी बंद.

आता लिहिताना कुणीही सांगेल की त्या गोळ्याला चीर पडून त्यात पाणी शिरलं होतं. तो काढून कानाशी हलवला असता तरी कळलं असतं. मी पुढे तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. दर वर्षी तरफेचा धडा आला की मी तो घाईने उरकायचे आणि पोरांना वाटायचं बाईंना तो आवडत नाही. पण त्या दिवशी मला सगळं येत होतं. बाबांच्या पावडरीचा डबा न्हाणीच्या फळीवर होता. विहिरीतलं शेवाळ तिने मरतं हे मी ऐकलेलं. विहिरीला किती टाकतात, टाकीला किती टाकायची, हा हिशेब मी केलाच नाही. डबा अर्ध्याहून जास्त भरलेला होता. तो मी टाकीत उपडा केला, काठीने ढवळलं, डोळे चुरचुरले म्हणून तोंड फिरवलं, झाकण लावलं आणि खाली उतरले. पाणी अजून वाहत होतंच. म्हटलं, वाहू दे, पावडर सगळीकडे पोचेल.

हात धुवून, पदर नसल्याने परकरालाच पुसून, मी ओसरीवर आले. आत्या तिथे नव्हती. हाक मारली, ओ आली ती मागच्या अंगणातून. मी मागे गेले आणि पहिल्यांदा नीट बघितलं की तिथे काय आहे. नळीखाली तिने एक सपाट दगड लावून ठेवला होता. नळीच्या तोंडाला केळीच्या सोपाची, म्हणजे खोडाच्या सालीची, पन्हळ अडकवली होती, डोंगरात झऱ्याला लावतात तशी, म्हणजे धार अंगावर न उडता समोर पडावी. पलीकडे ओल्या जागी अळूचे तीन कोंब लावलेले. दगडावर तिचा पितळी तांब्या. दोन आठवडे, चाचपडत, आमच्यापैकी कुणाच्याही नकळत, माझी आत्या त्या संडासाच्या टाकीच्या पाण्यावर आपलं पाणवठ्याचं जग मांडून बसली होती. ती तिथे हातपाय धूत होती. तांब्या तिथे भरत होती. पीतही होती.

आधी मला तेवढ्याचाच धक्का बसला आणि शरमेने हसूही आलं. मग दिसलं की हिरवी झडप तिच्या कपाळावर सरकवलेली आहे. तोंड ओलं होतं. पन्हळीतून पडणारं पाणी ताकासारखं पांढरट होतं आणि त्याचा वास माझ्या नाकात घुसत होता. तिने ओंजळ भरली, डोळा उघडा ठेवून वर मारली, पुन्हा ओंजळ भरली. तिचा हात धरून मी ओरडले की डोळ्याला पाणी लावायचं नाही म्हणून सांगितलंय ना डॉक्टरांनी.

"साधा पानी नाय लावायचा, बोल्ला डाक्टर," ती मला समजावत म्हणाली. "मी नाय लावला. इतके दिस खाजत व्हता तरी नाय लावला. आज ह्या दवाचा पानी आला. वास नाय येत तुला?"

पुढे आयुष्यात मी बरंच काही पाहिलं, माणसं गेली, घर पाण्यात गेलं. पण तसा धक्का पुन्हा बसला नाही, कारण त्यात सगळं बरोबर होतं. डॉक्टर बरोबर बोलले होते. आत्याने त्यांचं ऐकलं होतं. बाबांचंही ऐकलं होतं. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर रक्त चढत होतं आणि ती म्हणत होती की झोंबतंय, दवा लागतेय. मला कळत होतं की हे धुवायला हवं, भरपूर पाण्याने, आत्ताच्या आत्ता. आणि डोक्यात डॉक्टरांचं वाक्य वाजत होतं की पाणी लावायचं नाही. धुवू की नको? मी नुसती उभी राहिले. किती वेळ ते मला आजही सांगता येत नाही. कदाचित एक मिनिट असेल. त्या मिनिटाची किंमत कुणी मोजली ते पुढे येईल.

वरच्या गॅलरीतून शांताबेन हे बघत होत्या. पावडरीचा वास वरपर्यंत गेला होता, अंगणातलं पांढरं पाणी त्यांना दिसत होतं. त्या वरूनच कडाडल्या, "ऊभी शुं रही छे? पाणी नाख!" उभी काय राहिलीस, पाणी ओत. मी धावत आत गेले. तोवर खालच्या नळालाही थेंब उरला नव्हता. माठात दीड-दोन तांबे असतील, ते आणून ओतले. तेवढ्यात शांताबेन कळशी घेऊन जिना उतरत होत्या, पायात चप्पल नाही, डोक्यावरचा पदर सुटलेला. सकाळपासून ज्या पाण्यासाठी त्या भांडत होत्या, त्यातलं घरात साठवलेलं होतं नव्हतं ते सगळं त्यांनी खाली आणलं, प्यायच्या पिंपातलंसुद्धा. सुकटीच्या वासाने खिडक्या लावणाऱ्या त्या बाईने आत्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, दोन बोटांनी पापण्या उघड्या धरल्या, आणि मी ओतत राहिले. आत्या दर वेळी दचकायची आणि म्हणायची, बाय, साधा पानी नको, डाक्टर रागावंल.

रिक्षा करून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळा पाहिला, पुन्हा धुतला, औषध घातलं, जाड पट्टी बांधली आणि मग माझ्याकडे वळून विचारलं की डोळ्यात काय गेलं, कसं गेलं. मी तोंड उघडायच्या आत आत्याने सांगितलं की चुकी तिचीच, घरात कुणी नसताना तिने बाबांच्या डब्यातली पावडर पाण्यात कालवली आणि लावली. ती हे इतक्या सरळ आवाजात बोलली की डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं. शांताबेननी माझ्याकडे पाहिलं. त्यांना टाकी माहीत होती, नळी माहीत होती, सगळं कळलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. मी बोलायला हवं होतं. मी नाही बोलले.

बाबा दुपारी दवाखान्यात आले. मला वाटलं होतं ते मारतील, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. घरी आल्यावर मी त्यांना टाकीचं खरं सांगितलं, आत्याच्या अंगणातल्या झऱ्याचंही सांगितलं. ते मागे जाऊन त्या दगडाजवळ उभे राहिले. केळीची पन्हळ काढून हातात घेतली. तिला वाकवताना आत्याने दोन्ही टोकांना वाडीतल्या वेलीची गाठ मारली होती, ती ते बोटाने चाचपत होते.

"वास आला म्हणजे पाणी चांगलं," ते म्हणाले. "हे तिला मी शिकवलंय, सुमे. तू नाही."

माझी सुटका करायला ते बोलले असतील. मला तर दुप्पट रडू आलं. शिपाई माणूस, आयुष्यात एकच वाक्य लोकांना पटवलं होतं, आणि ते त्याच्याच बहिणीच्या डोळ्यात गेलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून नवा गोळा आणून त्यांनी टाकी दुरुस्त केली. जुना हलवून दाखवला तेव्हा त्यात पाणी खुळखुळलं. टाकी भरली, दांडी वर आली, आवाज बंद झाला. घर इतकं गप्प झालं की चुलीवरचं उकळणं ऐकू यायला लागलं. दोन्ही डोळे बांधून भिंतीला टेकून बसलेल्या आत्याने मान वर केली आणि विचारलं की झरा आटला काय. बाबा म्हणाले, उन्हाळा आहे ना, आटला. ते पाणी कुठलं होतं हे तिला कुणीच कधी सांगितलं नाही. शांताबेनना बाबांनी हात जोडून विनंती केली होती. त्या म्हणाल्या होत्या की मी कशाला सांगू, मी काय वेडी आहे का.

पट्टी सुटली त्या दिवशी मी दवाखान्यात गेले नाही, पोटात दुखतंय म्हणून घरी राहिले. बाबा परतले ते हसत. डॉक्टरांचं म्हणणं की डोळ्यावर पांढुरकं आलंय, सध्या धूसर दिसेल, पुढे काय होतं ते बघू, महिन्याने परत आणा. पण आत्याने खिडकी कुठे आहे ते दाखवलं, डॉक्टरांनी धरलेली बोटंही ओळखली. घरात आल्यावर तिने मला जवळ बोलावून माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, दिसतंय बाय, चांगला दिसतंय. मी तिच्या मांडीत डोकं खुपसून रडले. महिन्याने दवाखान्यात यायला ती तयार झाली नाही. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे दिवस आले, शेत वाट बघतंय, आता डोळा बरा आहे तर कशाला, असं म्हणून ती दिराच्या मुलाबरोबर गंजाडला गेली. बाबांनी फार आग्रह केला नाही. त्यांना तिचं खरं मानायचं होतं. मला तर त्यांच्याहूनही जास्त मानायचं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी एकटीच एसटीने गंजाडला गेले. अकरावीला सायन्सला प्रवेश मिळाला होता, ते तिला सांगायचं होतं, आणि नवा पंजाबी ड्रेस घातला होता तोही दाखवायचा होता. पिवळ्या रंगाचा, माझ्या आयुष्यातला पहिला. रस्ता सोडून बांधावरून चालत गेले. शेजारच्या खळ्यावर भात झोडत होते, त्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. आत्या दारापुढच्या सारवलेल्या अंगणात तांदूळ धूत बसली होती. चप्पल हातात घेऊन मी हळूच तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, चार पावलांवर, तिने बघावं आणि चकित व्हावं म्हणून. ऊन माझ्या तोंडावर होतं. तिने मान वर केली, सरळ माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि टोपातलं पांढरं पाणी माझ्या पायांवर ओतलं. मग टोप खाली ठेवून हाताने जमीन चाचपत सूप शोधायला लागली. सूप तिच्या गुडघ्याला लागून होतं.

मी तशीच उभी राहिले. पाय ओले होते. तिचा डोळा पांढरा झाला होता, सबंध. तिने सूप शोधलं, तांदूळ त्यात घेतले, एकएक खडा बोटाने ओळखून बाजूला टाकला. सगळं ती भरभर करत होती, महिनोन्‌महिने सवय झालेल्या माणसासारखं. तिने आमच्याकडून हे लपवलं होतं. बोटं ओळखली ती अंदाजाने, की डॉक्टरांच्या आवाजावरून, कुणास ठाऊक. खळ्यावरचा आवाज थांबला तेव्हा मला हुंदका आवरला नाही आणि तो तिने ऐकला. तिचे हात थांबले. क्षणभर ती घाबरली, मग तोंड माझ्या दिशेने वळवून, माझ्या खांद्याच्या थोडं बाजूला बघत, हसली.

"सुमा ना तू? बांधावर व्हतीस तवाच दिसली मला," ती म्हणाली. "लाल झगा घातलास ना? बरा दिसतो तुला."

"हो आत्या," मी म्हटलं. "लालच आहे."